आजीचे लुगडे आणि कादंबरीतील वस्त्रे

गेल्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मिस्सेच्या प्रवचनात मी तरुण मुलींच्या वेशभूषेविषयी चार कठोर शब्द बोललो. नाव कोणाचेच घेतले नव्हते. परंतु आमच्या बरखेड्याच्या वसाहतीत नाव घ्यावे लागत नाही. दुसऱ्या बाकावर एक महाविद्यालयीन मुलगी जीन्सची विजार आणि आखूड कुडता घालून बसली होती, आणि माझे वाक्य पुरे होण्यापूर्वीच चारसहा माना तिच्याकडे वळल्या. त्यानंतरच्या रविवारी ती दिसली नाही, त्यापुढच्याही नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला सारे कुटुंब आले, ती आली नाही.

नाताळनंतरच्या आठवड्यात तिची आजी माझ्याकडे आली. ही आजी मूळची नगर जिल्ह्यातील एका खेड्यातली. येथे भोपाळला १९५६ साली 'हेवी इलेक्ट्रिकल्स' ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचे उद्‌घाटन झाले, आणि त्या कारखान्याच्या मागोमाग साऱ्या देशातून माणसे आली. बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा येथल्या क्वार्टरांतून पंजाबी, बंगाली, मल्याळी आणि मराठी चुली शेजारी शेजारी पेटू लागल्या. १९६४ साली लग्न होऊन आलेली आजी त्यांपैकीच एक. डोक्यावरचा पदर सारखा करीत ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली,

"फादर, तुमाला राग येणार नसंल तर एक सांगते."

मी म्हटले, "सांगा आजी."

तिने सांगितले ते असे. येथे येताना तिच्या पेटीत सारी नऊवारी लुगडीच होती. शेजारच्या बायका गोल साडी नेसत. नवऱ्याने पहिल्या दिवाळीला दोन पाचवारी पातळे आणली आणि शेजारच्या बाईने तिला ती नेसायला शिकविली. पुढे उन्हाळ्यात ती दोघे गावी गेली, तेव्हा चुलत सासरे ओटीवर बसले होते. सुनेचे गोल नेसणे पाहून त्यांनी तिला पायरीवरच थांबविले. लुगडे नेसून ये, मग घरात ये, म्हणाले. सारी आळी पाहत होती. तिने गोठ्याच्या आडोशाला जाऊन लुगडे नेसले आणि मग उंबरा ओलांडला.

"त्या आयतवारी मी बी मिस्सेला गेले न्हवते, फादर," आजी म्हणाली, "देवावर रुसले म्हणून न्हाई. समद्यांनी बघितलं होतं म्हणून."

एवढे बोलून ती उठली. मी तिला चहा विचारायलाही विसरलो.

त्या रात्री मी कपाटातून काही जुन्या मराठी कादंबऱ्या काढल्या. वाचकांस हे कदाचित विचित्र वाटेल. अशा वेळी धर्मगुरूने पवित्र शास्त्र उघडावे. तेही उघडलेच. प्रभू येशूच्या दृष्टान्तांत एकही वस्त्र उगाच आलेले नाही, असे सेमिनरीत आमचे अध्यापक सांगत असत. उधळ्या पुत्राचा बाप मुलाचे बोलणे पुरे होऊ देत नाही. उत्तम झगा आणा, अंगठी आणा, पायांत जोडे घाला, असे चाकरांना सांगतो. त्या काळच्या श्रोत्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. अनवाणी चाकर असतात, जोडे मुलाच्या पायांत असतात. म्हणजे मुलगा घरात मुलगा म्हणून परत आला. कथा सांगणारा वस्त्राचे नाव घेतो आणि पुढे जातो. उरलेले ऐकणाराच जाणतो.

अडचण एवढीच की काळ लोटला म्हणजे ही जाण नाहीशी होते. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील आठ मराठी मुलांना मी 'आलवण' म्हणजे काय असे विचारले. सात गप्प बसली. आठव्याने ती अळूची भाजी असावी असे सांगितले. ज्या शब्दाने शंभर वर्षांपूर्वी घराघरातील मुलीबाळींच्या अंगावर काटा येत असे, तो आज भाजीच्या टोपलीत जाऊन बसला. ही एका अर्थी देवाची कृपाच म्हणावयाची.

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात, ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. तिचे लेखक बाबा पदमनजी हे बेळगावचे, १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते, पण म्हणून आपण त्यांना परके मानण्याचे कारण नाही. यमुना आपल्या पतीसह प्रवास करते आणि वाटेत तिला विधवांच्या एकेक कहाण्या समजतात. पुढे तिच्यावरही तोच प्रसंग येतो. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, दागिने उतरविणे, केस काढणे. जिवंत बाईच्या अंगावरून एकेक खूण काढून घेतली जाते आणि ती आता कोण आहे हे तिला न विचारता जगाला सांगितले जाते. लेखकाला कलाकुसर फारशी साधली नाही, संवाद पुष्कळदा प्रवचनासारखे होतात (हा दोष मी दुसऱ्याला लावू नये हे खरे), परंतु मराठी कादंबरीचा आरंभच अशा प्रश्नापासून झाला, याचे मला मोल वाटते.

त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिच्यातील यमू आपली कथा स्वतःच सांगते. परकरी पोर असल्यापासून सासरपर्यंत, सासरहून मुंबईच्या लहानशा बिऱ्हाडापर्यंत, आणि पतीच्या मृत्यूनंतर पुन्हा त्याच जुन्या घरात. तेथे तिचे केस तिच्या मनाविरुद्ध काढले जातात. केशवपन झालेल्या स्त्रीने तांबूस रंगाचे जाडेभरडे आलवण नेसावे, चोळी घालू नये, पदर डोक्यावरून घट्ट ओढून घ्यावा, अशी तेव्हाची उच्चवर्णीय घरांतील रीत होती. यमूसारख्या तरुण मुलीला हा वेश एका दुपारीत येतो. वाचकाला सर्वांत अधिक झोंबते ते हे की घरातील कोणीही स्वतःला दुष्ट समजत नाही. ते सारे रीत पाळीत आहेत, घराण्याचे नाव राखीत आहेत. त्याच सुमारास, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरविले होते. ज्यांच्या हातून हे काम घडत होते, त्यांनीच हात मागे घेतला. ओटीवर बसलेल्या शास्त्र्यांच्या आधी हे त्यांना उमगले, याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

त्याच दशकाच्या मागेपुढे गोपाळ गणेश आगरकरांनी स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, असा एक निबंधच लिहिला. आजच्या तरुण वाचकाला यात वाद कसला, हे कळणार नाही. जुनी चोळी पुढे गाठ मारलेली, पोट व पाठीचा भाग उघडा ठेवणारी. जाकीट म्हणजे अंग अधिक झाकणारा, बटणांचा कपडा. जाकीट म्हणजे मडमांची नक्कल असा गवगवा त्या वेळी होता. म्हणजे अधिक अंग झाकले म्हणून बाई बिघडली! हा निबंध वाचून मी पुस्तक मिटले आणि माझे आगमनकाळातील प्रवचन आठवले. मी शालीनतेविषयी बोलत आहे असे मला वाटत होते. त्या मुलीच्या अंगावरील विजार घोट्यापर्यंत होती, कुडत्याच्या बाह्या कोपराखाली होत्या. मला खुपले होते ते उघडे अंग नव्हते. मला सवय नव्हती, एवढेच.

नाटकांत हा वस्त्रांचा खेळ आणखी उघड होतो, कारण तेथे वस्त्र वाचावयाचे नसून पाहावयाचे असते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९११ सालच्या 'संगीत मानापमाना'त श्रीमंताची कन्या भामिनी गरीब मुलीचा वेश घेते, आणि उंची कपड्यांत तिला जे माणूस दिसले नव्हते ते साध्या कपड्यांत दिसते. या भूमिका करणारे बालगंधर्व स्वतः पुरुष. परंतु ते रंगभूमीवर ज्या तऱ्हेने शालू नेसत, ज्या तऱ्हेने अंबाड्यावर गजरा माळीत, ती तऱ्हा पाहून घरंदाज स्त्रिया आपले नेसणे बदलीत. आणि तेच बालगंधर्व १९१९ साली 'एकच प्याला' नाटकात सिंधू झाले, तेव्हा दारुड्याच्या पत्नीचे ठिगळांचे लुगडे नेसून उभे राहिले. भरजरी शालू पाहण्यासाठी जमलेल्या लोकांना त्या ठिगळांनी रडविले. दारूच्या पायी घरातले कापड कसे विरत जाते हे ज्यांनी आपल्या वाडीत पाहिले आहे, त्यांना मी अधिक काय सांगावे?

पुढे तिसाव्या दशकात कादंबरीची नायिका कॉलेजात गेली आणि तिचे नऊवारी लुगडे जाऊन गोल पातळ आले. तेव्हा सकच्छ नेसावे की विकच्छ, म्हणजे कासोटा घालावा की नाही, यावर विद्वानांनी वाद घातले. ना. सी. फडके यांच्या नायिकांच्या पातळांचे रंग आणि काठ त्या काळच्या मुलींना पाठ असत म्हणतात. माझे मत विचाराल तर त्या पातळांना रंग आहे, सुवास आहे, पण किंमत नाही. ते कोणी धुतले, कोणाच्या पगारातून आले, हे कधी कळत नाही. फॅशनचा इतिहास म्हणून ती पाने उपयोगी पडतील. माणसाच्या गरजेचा इतिहास पाहावयाचा तर साने गुरुजींकडे गेले पाहिजे.

'श्यामची आई' १९३५ साली पुस्तकरूपाने आली. आपल्या गावांतील किती तरी ख्रिस्ती घरांत ती शुभवर्तमानाच्या शेजारी ठेवलेली मी पाहिली आहे. त्यात वडिलांचे धोतर फाटलेले आहे. आई ते शिवते, पुन्हा शिवते, आणि शेवटी आपल्या भाऊबिजेच्या ओवाळणीचे पैसे त्यांच्या धोतरासाठी देते. स्वतःच्या लुगड्याचा विचार ती करीत नाही. दुसऱ्या एका प्रसंगी श्याम आपल्या खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. घरात आनंद होतो, परंतु त्याच्या आधी प्रश्न येतो: पैसे कोठून आणलेस? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. नवे कापड घरात आले की आपण रंग विचारतो, भाव विचारतो, दुकान विचारतो. त्या घरात पैशाचा मार्ग विचारला गेला.

खेड्याकडे येऊ. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. माणदेशातली धनगरांची वस्ती, एकशिक्षकी शाळा, आणि तेथे आलेला कोवळ्या वयाचा मास्तर. कारभाऱ्याची मुलगी अंजी त्याच्याकडून एक चोळी शिवून मागवते. बस्स, एवढेच. पण त्या एका चोळीपायी कारभाऱ्याच्या मनात किल्मिष येते आणि ज्या माणसाने मास्तरला वस्तीत आधार दिला, तोच त्याच्यापासून दुरावतो. मुलीला चोळी हवी होती. बापाला तिच्यात दुसराच अर्थ दिसला. माडगूळकर येथे एका शब्दानेही उपदेश करीत नाहीत. मला तेथे माझ्या प्रवचनातील चार शब्द पुन्हा ऐकू आले, आणि वळलेल्या चारसहा मानाही दिसल्या.

उद्धव शेळके यांच्या १९६० सालच्या 'धग' कादंबरीत वऱ्हाडातील एका शिंप्याचे घर आहे. कापड शिवणाऱ्या जातीचे ते घर हळूहळू उसवत जाते आणि कौतिक नावाची बाई ते एकटी सांधीत राहते. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी ती जरूर वाचावी. मात्र मन घट्ट करून.

या गावकथा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपल्या खेड्यांत लुगडे गुडघ्यापर्यंत नेसावे की घोट्यापर्यंत, दागिना चांदीचा घालावा की कथलाचा, हे पुष्कळांच्या बाबतीत हौसेवर नव्हते. जातीने ठरलेले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की तुमच्या नेसण्यावरून आणि गळ्यातल्या-हातांतल्या ओझ्यावरून तुमची जात ओळखली जाते, ती खूण टाकून द्या. त्या स्त्रियांनी तेथल्या तेथे नेसण्याची पद्धत बदलली. आपल्या अनेक धर्मग्रामांतील कुटुंबांच्या आज्या-पणज्या त्याच वस्त्यांतून आलेल्या आहेत. घोट्यापर्यंत लुगडे सोडणे ही त्यांच्या दृष्टीने फॅशन नव्हती.

आणि आपली ख्रिस्तसभा? तिचेही हात या कापडात गुंतलेले आहेत, हे लपवून काय उपयोग? गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनच्या आज्ञेने नवख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि स्त्रियांना चोळी वापरण्यास बंदी घातली गेली. जणू श्रद्धा कापडात विणलेली असते. उलटपक्षी १९१७ सालच्या धर्मविधिसंहितेत स्त्रियांनी ख्रिस्तमंदिरात डोके झाकावे असे कलम होते. १९८३ सालच्या नव्या संहितेत ते राहिले नाही. आजीच्या डोक्यावरचा पदर तिच्या भक्तीचा आहे आणि तो तसाच शोभतो; पण नातीच्या डोक्यावर पदर नाही म्हणून ती कायदा मोडीत नाही.

लग्नाचा पांढरा पोशाख घ्या. ख्रिस्ती वधूने पांढरेच वस्त्र ल्यावे, हा प्रेषितांच्या काळापासूनचा नियम आहे असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. पांढऱ्या पोशाखाची चाल मुख्यतः १८४० साली इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने आपल्या विवाहात पांढरा झगा घातला, त्यानंतर पसरली. कॅथॉलिक वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध वधू म्हणजे इटालियन लेखक मॅन्झोनी यांच्या 'वाग्दत्त वधूवर' या कादंबरीतील लुचिया. कथा १६२८ सालच्या मिलान प्रांतातील, प्रसिद्धी १८२७ सालची. ही गरीब, सूत कातणारी मुलगी लग्नाच्या सकाळी कशी सजली आहे? वेणीत सूर्यकिरणांसारख्या पसरलेल्या चांदीच्या लांब सुया, फुलांच्या किनखापाची काचोळी, फितींनी बांधलेल्या बाह्या, रेशमी आखूड घागरा, पायांत लाल मोजे. पांढऱ्याचा पत्ता नाही! लाल मोजे घातलेली ती मुलगी साऱ्या कादंबरीत सर्वांत निर्मळ मनाची आहे. आणि तिचे लग्न त्या दिवशी होत नाही, कारण गावचा धर्मगुरू दोन गुंडांना भ्यालेला असतो. त्याच्या अंगावर झगा अगदी नियमाप्रमाणे आहे. आम्हा धर्मगुरूंनी ती कादंबरी वर्षातून एकदा वाचावी असे मला वाटते.

फेब्रुवारीत मी त्या घरी गेलो. मुलीचे वडील संकोचले, आईने खुर्ची पुसली. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली ती ओढणी घेऊन. माझ्यासाठी घेतली होती हे उघड होते. मी तिला म्हटले, "बेटा, त्या दिवशी मी साऱ्यांच्या देखत बोललो, म्हणून आज तुझ्या घरच्यांच्या देखत सांगतो. मी चुकलो." तिने मान खाली घातली. काही वेळ कोणीच बोलले नाही. मग आजीने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली आणि इरकलीचे एक काळे लुगडे काढून दाखविले. गोठ्याच्या आडोशाला नेसलेले तेच. नातीने ते हातांत घेऊन पाहिले आणि विचारले की हे एवढे लांब कसे नेसतात. आजी म्हणाली, उद्या दाखविते.

मी बरोबर 'पण लक्षात कोण घेतो?' नेली होती. मुलगी हिंदी माध्यमात शिकलेली. जुनी मराठी तिला सावकाश वाचावी लागते. प्रायश्चित्तकाळात ती पुस्तक परत करायला आली, तेव्हा तिने शेवटच्या भागाविषयी काही विचारले नाही. केस काढायला आलेल्या माणसाला किती पैसे दिले असतील, असे मात्र विचारले. मला उत्तर देता आले नाही. तिने दुसरे पुस्तक मागितले. मी 'बनगरवाडी' दिली.

आजीला आता डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून संध्याकाळी नात मोठ्याने वाचते आणि आजी ऐकते. परवा मी तेथून जात असता त्या अंजीच्या चोळीपर्यंत आल्या होत्या. आजीने वाचन थांबविले होते आणि ती नातीला सांगत होती की त्यांच्या गावात शिंपी नव्हताच, तो बाजारच्या दिवशी मशीन डोक्यावर घेऊन यायचा, आणि त्याच्यापुढे रांग लागायची.